भूकंप : आजअखेर १८१.३ रिश्टर

जमीन ही स्थावर मालमत्ता आहे. जी स्थावर आहे ती हलत नाही, आणि हललीच तर तसा लेखी अहवाल तीन प्रतींत सादर करावा लागतो. भूकंपाबाबत शास्त्र आणि शासन यांच्यात जो काही मतभेद आहे, तो फक्त प्रतींच्या संख्येचा आहे.

परभणी जिल्हा सपाट आहे असं बाहेरच्यांना वाटतं, आणि रेल्वेच्या खिडकीतून बघितलं तर ते बरोबरही आहे. पण जिंतूरच्या वर गेलं की काळी माती पातळ होत जाते, खालचा खडक डोकं वर काढतो आणि डोंगर सुरू होतात. या डोंगरात कपारवाडी आहे. घरं २१२, हातपंप ४ (चालू १), बोअर ३८ (पाणी असलेले ९), विहार १, मारुती १, मोबाइलची रेंज फक्त मारुतीच्या पारावर. तीन वर्षांपासून या गावाखालची जमीन अधूनमधून हलते. आधी गुरगुर, मग पोटातून आल्यासारखा 'गुडूम', मग फळीवरच्या भांड्यांची थोडी कुजबुज, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. पहिल्या वर्षी लोक घराबाहेर पळत. दुसऱ्या वर्षी नुसते उठून उभे राहत. तिसऱ्या वर्षी उठणंही बंद झालं. 'गुडूम' झालं की चहाची बशी दोन्ही हातांनी धरायची आणि बोलणं पुढे चालू ठेवायचं, एवढी प्रगती गावाने कुठल्याही अनुदानाशिवाय केली.

मात्र भूकंप झाला असं गावाने म्हणून चालत नाही, ते यंत्राने म्हणावं लागतं. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये कपारवाडीला एक भूकंपमापक यंत्र मंजूर झालं, आणि यंत्रासोबत मी. (यंत्राला पाच वर्षांची हमी होती, मला अकरा महिन्यांची.)

माझं नाव संघप्रिया. मी चुडाव्याची, बी.एस्सी. भौतिकशास्त्र. चुडाव्याला रेल्वे स्टेशन असल्यामुळे आमच्या घरातल्या ताटल्या मी जन्मापासून हलताना बघते, पण त्या वेळापत्रकाप्रमाणे हलतात. वेळापत्रक नसलेल्या जमिनीबद्दल मला कुतूहल होतं, आणि मुलाखतीत मी ते बोलून दाखवलं. 'भूहालचाल नोंद कक्षा'च्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्कूटी चालवता येते का, ते विचारलं.

खरं तर प्रस्तावात तीन यंत्रं होती. धक्का नेमका कुठे झाला हे काढायला तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. एकट्या यंत्राला जमीन हलली एवढंच कळतं, ती कोणी आणि कुठून हलवली ते कळत नाही. मंजुरीत एकच यंत्र आलं. उरलेल्या दोन यंत्रांचं काम 'स्थानिक पातळीवर समन्वयाने' करावं, असा शेरा होता.

आता, हालचाल मोजायला न हलणारी जागा लागते. पक्की, कोरडी, खडकावर पाया असलेली खोली. कपारवाडीत तशी एकच होती: मारुतीच्या पारामागची सिमेंटची नवी खोली. ती अंगणवाडीसाठी बांधलेली होती, पण उद्घाटनाला मान्यवरांची तारीख मिळत नसल्याने दीड वर्ष कुलूपबंद होती. यंत्राला उद्घाटन लागत नाही. ते त्याच दिवशी आत गेलं. नियम ७(ब) प्रमाणे यंत्रापासून वीस फुटांच्या आत माणूस, जनावर आणि पिठाची गिरणी यांना मनाई होती. खोली अठरा फुटांची असल्यामुळे मी स्वतः बाहेर खुर्ची टाकून खिडकीतून आकडे वाचत असे. किल्ली माझ्या गळ्यात असे.

ज्यांच्यासाठी खोली बांधली ती तेवीस मुलं चाळीस पावलांवर, जुन्या दगडमातीच्या खोलीत बसत. तिच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती. मुलांच्या सेविका चांगुणाबाई. वय बावन्न, शिक्षण सातवी, नोकरी सत्तावीस वर्षं. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या माझ्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि खिडकीतून बराच वेळ आत बघत राहिल्या.

"मॅडम, हे यंत्र रडतंय का?"

"नाही."

"श्शी-शू?"

"नाही."

"पडलं-झडलं तर त्याची माय भांडायला येती का माह्याशी?"

"नाही."

"मंग त्याला पक्की खोली काऊन, अन् माह्या लेकरायला पडकी काऊन?"

"नियम सात ब," मी म्हणाले.

चांगुणाबाईंनी मान हलवली आणि मला हाताला धरून भेग दाखवायला नेलं. तिथे मला त्यांची मोजमापाची पद्धत कळली. अंगणवाडीत खाऊसाठी धान्य येतं. त्यातला एकेक दाणा त्या दर सोमवारी भेगेत घालून बघत. जूनमध्ये भेगेत ज्वारीचा दाणा मावत होता. जुलैमध्ये तुरीची डाळ. मी गेले तेव्हा मूग आरामात आत जात होता, हरभरा अडत होता. पद्धत अशास्त्रीय होती. म्हणजे तिला प्रमाणपत्र नव्हतं; बाकी तिच्यात मला एकही चूक सापडली नाही.

"हरभरा गेला की मी तुमच्याकडं परत येते," त्या म्हणाल्या. "शेंग गेली तर येणार न्हाई. लेकरं घेऊन भाईर निघीन."

यंत्राचे आकडे नोंदवायला छापील नोंदवही आली नव्हती. ती छापायला टाकली होती. दरम्यान अडू नये म्हणून ग्राम महसूल अधिकारी आदिनाथराव (गाव त्यांना अजून तलाठीच म्हणतं) यांनी कपाटातून पावसाची एक कोरी नोंदवही काढली, 'पर्जन्यमान' खोडून 'भूकंपमान' लिहिलं, 'मि.मी.' खोडून 'रिश्टर' लिहिलं, आणि प्रश्न मिटवला. रकाने तेच राहिले: आजचा, आजअखेर एकूण, मागील वर्षी आजअखेर, सरासरीशी टक्केवारी.

रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजायचं काम कोतवाल मुंजाजी यांच्याकडे होतं. (कोतवालांचं पदनाम आता महसूल सेवक झालं आहे. पाऊस त्यांना जुन्याच नावाने ओळखतो.) नव्या वहीमुळे भूकंपही त्यांच्याकडे आला. पहिल्या सकाळी ते खिडकीशी येऊन म्हणाले, "मॅडम, किती साचला?"

"एक पूर्णांक नऊ आणि दोन पूर्णांक एक. दोन धक्के."

त्यांनी वहीत लिहिलं: ४.०. मग खालच्या आवाजात विचारलं, "अन् मोजून झाला की वतून टाकायचा का तसाच राहू द्यायचा?"

मी बेरजेवर हरकत घेतली. आदिनाथरावांना पारावर गाठून समजावून सांगितलं की रिश्टरची बेरीज होत नाही. दोनचे दोन धक्के मिळून चारचा होत नाही. चारच्या एका धक्क्याएवढी ऊर्जा व्हायला दोनचे जवळजवळ एक हजार धक्के लागतात.

आदिनाथरावांचा चेहरा उजळला.

"हजारच ना? मंग घाबरता काऊन? दोन हप्त्यांत एकोणतीस झाले. हुईल की."

"होण्याचा प्रश्न नाही. बेरीज चुकीची आहे."

"मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. पण वर सायबाला तीनच गोष्टी कळतात. आज किती, एकूण किती, अन् गेल्या साली किती. तुमी त्याला चौथी सांगाल तर सायेब पहिल्या तीनबी इसरतेत." मग त्यांनी मला हळूच आतली गोष्ट सांगितली. पावसाला पासष्टचा नियम आहे. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, अतिवृष्टी झाली की पंचनामे, पंचनामे झाले की दुरुस्ती. वही पावसाची असल्यामुळे वरच्या कार्यालयाने हाच नियम भूकंपालाही लावला होता. चोवीस तासांत पासष्ट रिश्टर झाले की अतिभूकंप. "तवा कुठं चांगुणाबाईच्या खोलीचा मुआयना हुईल. आता एका दिसात पासष्ट म्हंजे लय झालं, मला कळतं. पण नियम हाय."

जगात आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप साडेनऊचा होता. मी हे सांगितलं तेव्हा आदिनाथराव म्हणाले, "त्यायला अनुदान भेटलं नसंल."

नोंदवही सुरळीत चालू झाली. मागील वर्षी यंत्र नसल्याने मागील वर्षीचे भूकंप निरंक धरण्यात आले. सरासरी काढायला जुने आकडे नसल्याने यंदाचेच आकडे सरासरी म्हणून धरले, त्यामुळे टक्केवारी रोज बरोबर शंभर येई. वरच्या कार्यालयाने दोनदा लेखी कळवलं की कपारवाडीत भूकंपाची स्थिती समाधानकारक असून तूट नाही. टक्केवारी मी काढत असे, दोन दशांश स्थळांपर्यंत. १००.००. मला नीटनेटकेपणाची सवय आहे.

याशिवाय 'प्रपत्र ह' होतं. प्रत्येक धक्क्यानंतर ग्रामस्थांकडून भरून घ्यायचं. धक्क्याच्या वेळी आपण बसला होता, उभे होता की आडवे? काय जाणवलं? आपण काय केलं? त्यावरून शेवटच्या रकान्यात शेरा द्यायचा: 'बसलेल्या माणसाला जाणवला नाही', 'बसलेल्या माणसाला जाणवला', 'भांडी वाजली', 'लोक घराबाहेर आले'. पाचवा शेरा नव्हता. कपारवाडीकरांनी प्रपत्र ह अत्यंत मनापासून भरलं. 'आपण काय केलं?' यापुढे आलेल्या ३१२ उत्तरांपैकी २८७ उत्तरं 'चहा पिलो' अशी होती.

सप्टेंबरमध्ये कारणशोध समिती आली. सदस्य पाच, गाड्या तीन, मुक्काम एक दुपार. समितीने पारावर एक पत्र्याची पेटी ठेवली आणि भूकंपाच्या कारणांबाबत सूचना मागवल्या. सूचना आल्या ६४. त्यांतल्या एकोणीस बोअरविरुद्ध होत्या आणि सगळ्या एकोणीस शेजाऱ्याच्या बोअरविरुद्ध होत्या. अकरा जणांनी धरणाचं पाणी, नऊ जणांनी लग्नातला डीजे, सहा जणांनी सरपंचांचं नाव लिहिलं. एकाने लिहिलं की आपली म्हैस धक्क्याच्या आधी दूध चोरते, तरी कारण म्हैस आहे का याची चौकशी व्हावी. (समितीने म्हैस बघितली.) बांधकाम खात्याने कळवलं की त्यांच्या रस्त्यामुळे भूकंप होणं शक्य नाही, कारण तो रस्ता अजून झालेला नाही.

मीही चार पानांची टिप्पणी दिली. कपारवाडीखालचा खडक काळा बसाल्ट आहे, त्याला आरपार चिरा आहेत. पावसाळ्यात पाणी त्या चिरांतून खोल उतरतं, आत कोंडतं, दाब वाढतो, आणि आधीच ताणात असलेला खडक थोडा सरकतो. तो 'गुडूम'. म्हणून धक्के पावसाच्या मागोमाग साधारण दोन महिन्यांनी वाढतात. मुंजाजींच्या पावसाच्या तीन वर्षांच्या नोंदी आणि गावाच्या आठवणी शेजारी ठेवल्या तर हे स्पष्ट दिसत होतं. हे छोटे धक्के बहुधा छोटेच राहतील, पण जुन्या भिंती थकत जातील, तरी भिंती आधी तपासाव्यात. टिप्पणी शेऱ्यासह परत आली: 'कारण फार सोपे आहे. फेरविचार करावा.'

त्याच आठवड्यात भेगेत हरभरा गेला.

चांगुणाबाई दुसऱ्यांदा आल्या. हरभरा मुठीत घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी माझ्या उघड्या वहीवर, टक्केवारीच्या रकान्यात ठेवला.

"गेला, माय."

मी कक्षाला पत्र लिहिलं. कक्षाने विचारलं, हरभरा म्हणजे किती रिश्टर?

ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत ९४ धक्के झाले, आजअखेर १८१.३. मग अचानक जमीन गप्प झाली. अकरा निरंक, बारा निरंक, तेरा निरंक. तेरा तारखेच्या संध्याकाळी चांगुणाबाई तिसऱ्यांदा आल्या.

"मॅडम, आता तरी दोन-चार दीस खोली उघडता का? यंत्राला तर आराम हाय."

"तीन दिवस निरंक आहे, मावशी," मी म्हणाले. "आता उलट काळजीचं कारण नाही."

हे वाक्य माझंच आहे. शब्दशः देत आहे.

चौदा तारखेला, सोमवारी, सकाळी साडेदहाला चांगुणाबाईंनी भेगेत भुईमुगाची शेंग घातली. शेंग गेली. गेली ती गेलीच. आत पडल्याचा आवाजही आला नाही. चांगुणाबाईंनी फळ्यावर काढलेला अर्धा बेडूक तसाच सोडला, तेवीस मुलांना एकमेकांच्या सदऱ्याला धरायला लावलं आणि आगगाडी करून लिंबाखाली नेलं. मुलं शिट्ट्या मारत गेली. अकरा वाजून वीस मिनिटांनी मागची भिंत बसली, आणि तिच्यामागे पत्रे. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. राजेश्री नावाची चार वर्षांची मुलगी म्हणाली, "बाई, अजूक एकदा!"

पंचनाम्याला आदिनाथराव धावत आले. कागदावर 'भिंत पडण्याचे कारण' असा रकाना होता.

"भूकंप लिवतो, मॅडम."

"चार दिवस निरंक आहे."

"मंग पाऊस लिवतो. मुंजाजी, पाऊस?"

"पाऊसबी निरंक," मुंजाजी म्हणाले.

"अरे, मंग पडली कशानं?"

"भेग होती तिला," चांगुणाबाई म्हणाल्या.

"भेगीचा रकाना न्हाई, बाई," आदिनाथराव कळवळून म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी कागद उलटा करून मागेही बघितलं.

खिडकीशी येऊन मी यंत्र बघितलं. ११.२०, १.१ रिश्टर. चाळीस पावलांवर भिंत पडल्याने जमीन हलली होती आणि यंत्राने ती हालचाल इमानेइतबारे मोजली होती. मी नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सदर हालचाल भिंत पडल्याने झाली.' शास्त्रीय सत्य लिहिल्याचं मला समाधान वाटलं. ते आठ दिवस टिकलं.

आठ दिवसांनी चांगुणाबाईंना नोटीस आली. दिनांक १४ रोजी आपल्या ताब्यातील भिंत पाडून पूर्वपरवानगीशिवाय १.१ रिश्टरचा भूकंप घडवून आणल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. "लिव: भिंतीला मी लय दिवस थांब म्हणत होते. तिनं माझं ऐकलं, तुमीच ऐकलं न्हाई. आपली विश्वासू, चांगुणाबाई."

पाठोपाठ कारणशोध समितीचा अहवाल आला, आणि तो तर्काच्या दृष्टीने निर्दोष होता. कपारवाडीत आजअखेर ९५ धक्के. पैकी ९४ धक्क्यांचं कारण अज्ञात. एका धक्क्याचं कारण पंचांसमक्ष, लेखी, निरीक्षकाच्या (म्हणजे माझ्या) सहीने सिद्ध: भिंत पडणे. सबब, सिद्ध झालेल्या कारणांपैकी शंभर टक्के कारण भिंती हेच असून, कपारवाडीतील भूकंपमालिका भिंती पडल्यामुळे होत आहे. उपाय: भिंती पडण्यास तातडीने मनाई करावी. पारावर तसा फलक लागला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, खाली 'आदेशावरून'. फलक ज्या भिंतीवर लावायचा होता तिच्यात तूरडाळ मावत होती, म्हणून तो खांबावर लावला.

मुलं आता लिंबाखाली बसत. ऊन सरकेल तशी चांगुणाबाई चटई सरकवत. त्या माझ्याकडे चौथ्यांदा आल्या नाहीत. आल्या असत्या तर माझ्याकडे सात ब तयार होता. न आल्यामुळे पंचाईत झाली. रोज दहा ते एक मी खुर्चीवर, माझ्यामागे पक्की खोली, खोलीत एक यंत्र, समोर तेवीस मुलं उन्हात, आणि गळ्यात किल्ली. तिचं वजन मी एकदा दुकानातल्या काट्यावर केलं. अकरा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं आणि बाजूला झाले.

चांगुणाबाईंनी मुलांची आगगाडी केली. आत जाताना म्हणाल्या, "चपला भाईर काढा रे, यंत्रबाबा झोपलाय." राजेश्रीने लाल दिवा बघून यंत्राला हात जोडले. यंत्राभोवती धान्याच्या रिकाम्या गोण्यांचं कुंपण झालं, आणि मग चांगुणाबाईंनी ढिगाऱ्यातून काढलेल्या फळ्यावर उरलेला अर्धा बेडूक पूर्ण केला आणि विचारलं, "बेडूक कसा उडी मारतो?"

प्रत्येक उडी ०.४.

पहिल्याच दिवशी एक वाजेपर्यंत आजचा: १८.४. मुंजाजींनी दुसऱ्या सकाळी आकडा लिहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. "लय बरसला," एवढंच म्हणाले. नियमाप्रमाणे मी प्रत्येक आकडा कळवत राहिले. आकडे खरे होते, शेऱ्याचा रकाना मात्र मी निरंक ठेवत होते, कारण मागच्या वेळी मी त्यात कारण लिहिलं तेव्हा काय झालं ते मी वर सांगितलंच आहे. कपारवाडीत भूकंपाचा जोर वाढला. तो रोज सकाळी दहाला सुरू होई, साडेअकराला खिचडीसाठी थांबे, पावणेबाराला पुन्हा सुरू होई आणि एकला बंद होई. रविवारी भूकंप होत नसे. दिवाळीत त्याने सलग सुटी घेतली. हे सगळं वहीत तारीख-वेळेसह आहे. वरच्या कार्यालयातून एकच शंका आली: बेरजेत एका ठिकाणी दशांश चिन्ह राहिलं आहे.

१४ नोव्हेंबरला बालदिन होता. चांगुणाबाईंनी बेडूकउड्यांची शर्यत ठेवली. संध्याकाळी मी बेरीज केली: १६३ धक्के, आजचा ६५.२.

आदिनाथराव पारावरून पळत आले.

"मॅडम! पासष्ट! पासष्ट पूर्णांक दोन! अतिभूकंप!" मग जरा थांबून, आत पडलेल्या रंगीत फुग्यांकडे खिडकीतून बघत, "हे… खरंच हाय ना?"

"यंत्राने मोजलं आहे."

"मंग खरं," ते समाधानाने म्हणाले, आणि आत वाकून ओरडले, "चांगुणाबाई, पोरायला लाडू द्या माझ्याकडून!"

'कपारवाडीत एका दिवसात ६५ रिश्टर!' ही बातमी सगळीकडे पसरली. जगातल्या सर्वांत मोठ्या भूकंपाच्या जवळजवळ सातपट आकडा छापून आला, लाखो लोकांनी तो वाचला, पुढे पाठवला, हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि गाव अजून जागेवर कसं, असं एकानेही विचारलं नाही. मोठी गाडी आली. अतिभूकंप जाहीर झाला. अंगणवाडीला नवी खोली मंजूर झाली. मात्र नियमानुसार नवीन बांधकाम भूकंपप्रवण जागी करता येत नसल्याने ती खाली सपाटीवर, कपारवाडीपासून एक्केचाळीस किलोमीटरवर बांधण्यात येत आहे. कपारवाडीच्या मुलांना तिथे प्राधान्य राहील.

त्याच वेळी परिस्थितीचं गांभीर्य पाहून उरलेली दोन यंत्रं मंजूर झाली. यंत्रांना पक्की खोली लागतेच, म्हणून कपारवाडीतच, खडकावर पाया घेऊन, दोन पक्क्या खोल्या बांधायला सुरुवात झाली आहे. यंत्रांसाठीच्या बांधकामाला भूकंपप्रवण जागा चालते. चांगुणाबाई दोन्ही खोल्यांच्या पायावर उभं राहून, पाय आपटून आल्या.

"एकीत शिकवीन, एकीत झोपवीन," त्या म्हणाल्या. "अन् यंत्रबाबाला काय लागतं? कोपरा."

माझी मुदत अकरा महिन्यांनी वाढली आहे. कामाचा गौरव म्हणून प्रशस्तिपत्र आलं. त्यावर आजअखेरचा आकडा सोनेरी शाईत आहे. चांगुणाबाईंच्या नोटिशीचा निर्णय प्रलंबित आहे.

खरी जमीनही या काळात हलत होती. नोव्हेंबरात किमान बारा खरे धक्के झाले असावेत, पण ते बेडूकउड्यांत मिसळले आणि आता वेगळे काढता येत नाहीत. म्हणून मी दर सोमवारी चांगुणाबाईंबरोबर धान्याची पिशवी घेऊन गावभर फिरते. आजअखेर १६० भिंती तपासल्या. ज्वारी मावते ७१, तूरडाळ ५४, मूग २२, हरभरा १२, शेंग १. शेंगेची भिंत मुंजाजींची आहे. ते आता अंगणात झोपतात आणि सकाळी आठला तिथूनच कामावर येतात. ही यादी आम्ही वर पाठवली होती. ती कृषी विभागाकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग झाली आहे.

एक काम राहिलं. नियमाप्रमाणे या प्रकरणाची माहिती ज्यांच्यापर्यंत पोचली त्या सर्वांचं प्रपत्र ह भरणं बंधनकारक आहे. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून तुमचं मीच भरून ठेवलं आहे. आपण बसला होता, उभे होता की आडवे? बसून. भेगेत हरभरा जात होता तेव्हा काय जाणवलं? बेरजेची गंमत वाटली. शेंग मुंजाजींच्या भिंतीत गेली हे कळल्यावर आपण काय केलं? पुढचं वाक्य वाचलं.

शेरा: बसलेल्या माणसाला जाणवला नाही.

खाली सही तेवढी तुमची लागेल. तीन प्रतींत.